डावा स्पीकर नऊ इंच पुढे

राजाजीनगरला माझ्या बहिणीकडे जेवायला जायचं म्हणजे आधी खुर्चीत बसावं लागे. ही खुर्ची जेवणाच्या टेबलाची नव्हे. हॉलच्या लाल, गुळगुळीत जमिनीवर खडूने एक फुली मारलेली होती आणि त्या फुलीवर वेताची एक खुर्ची ठेवलेली होती. माझे दाजी नागोजीराव मला दंडाला धरून तिथं बसवत, खांदे सरळ करत, हनुवटी दोन बोटांनी जराशी उचलत आणि मग टीव्ही लावत. माझ्या लग्नात फोटो काढणाऱ्यानेसुद्धा माझ्यावर एवढी मेहनत घेतली नव्हती.

"डोळे मीट," ते म्हणत. "आता सांग कृष्णा, बातम्या वाचणारी बाई कुठं आहे?"

"दिल्लीत," मी एकदा म्हटलं. त्या दिवशी जेवण एक तास उशिरा मिळालं.

उत्तर 'मधोमध' असं द्यायचं असे. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढे दोन स्पीकर उभे होते. दोन्हींतून आवाज सारखाच आला की तो डावीकडचाही वाटत नाही आणि उजवीकडचाही वाटत नाही, थेट टीव्हीच्या काचेतून बाई बोलल्यासारखी वाटते. तिसरा एक स्पीकर टीव्हीच्या डोक्यावर होता, पण परीक्षेच्या वेळी दाजी तो बंद ठेवत. तो चालू असला की नापास होणारेही पास होतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

गोष्ट सत्त्याण्णव सालची आहे. होम थिएटर हा शब्द तेव्हा बंगळुरात नुकताच येऊन पोचला होता आणि ज्यांच्या घरी ते आलं होतं त्यांनी स्पीकर टीव्हीच्या कपाटात, भिंतीच्या कोपऱ्यात, एकाने तर फ्रिजवर ठेवले होते. दाजींना हे पाहून खरोखर त्रास होई. ते अठ्ठावीस वर्षं एका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्टर होते. पत्र्याचे सुटे भाग प्रेसमधून ठोकून निघत आणि दाजी शेजारच्या टेबलावर बसून ते मापत. आपले मूळपुरुष शहाजीराजांबरोबर इकडे आले असं ते अभिमानाने सांगत, पण त्याहून जास्त अभिमान त्यांना आपल्या गेजांचा होता. मापायचं प्रत्येक हत्यार दर सहा महिन्यांनी तपासलं जाई. ते ज्याच्याशी ताडून पाहत, तो मास्टर गेज मखमलीच्या पेटीत कुलुपात असे. मास्टरला हात लावायची परवानगी कारखान्यात तिघांना होती, त्यांतले एक दाजी.

मग कारखान्याने माणसं कमी करायला घेतली आणि दाजींनी पन्नासाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यानंतरचे सात महिने माझ्या बहिणीने, सोयराअक्काने, कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. दाजींनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. हुरळीचा, म्हणजे कुळथाचा, डबा सापडेना म्हणून अक्काने एकदा सगळी फळी खाली काढली. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर ते घड्याळ लावून मोजत आणि तिसरी शिट्टी उशिरा आली तर तिला बोलावून दाखवत. हे झालं हसण्यासारखं. पण दुपारी चार वाजता, कारखान्याची पाळी सुटायच्या वेळी, ते पायांत चपला घालून फाटकापाशी उभे राहत आणि पाच मिनिटांनी परत येऊन चपला काढत. ते मी पाहिलंय आणि त्यावर मला कधी हसू आलं नाही.

त्यातून त्यांना स्पीकरांनी बाहेर काढलं. एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ॲम्प्लिफायरचे भाग आणले, सुताराकडून खोकी करून घेतली आणि हॉलचा कारखाना झाला. दाजींचे नियम पक्के होते. स्पीकर भिंतीला चिकटवायचा नाही, दीड फूट पुढे घ्यायचा. कोपऱ्यात तर मुळीच नाही, तिथं आवाज घुमल्यासारखा होतो. बारीक आवाजाचा छोटा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. दोन स्पीकर आणि खुर्ची यांचा त्रिकोण तिन्ही बाजूंनी सारखा हवा, त्यासाठी गाठी मारलेली सुतळी होती. दोन्ही स्पीकरांची तोंडं थोडी आत, खुर्चीकडे वळलेली. एवढं टेपने झालं की शेवटचं काम कानाने. "नव्वद टक्के टेप, दहा टक्के कान," ते म्हणत. "टेप कुणीही धरेल. ते दहा टक्के कुणाकडे आहेत?"

आपल्याकडे आहेत, हे ते बोलून दाखवत नसत. समोरच्याने ते ओळखायचं असे.

जयनगरच्या फोर्थ ब्लॉकमध्ये मंजुनाथचं टीव्हीचं दुकान होतं. त्याने एकदा दाजींच्या खुर्चीत बसून डोळे मिटले आणि उघडले ते "नागोजी अण्णा, माझ्या गिऱ्हाइकांकडे जाल का?" असं विचारतच. त्याने दाजींना कार्डं छापून दिली. नावाखाली 'साउंड कन्सल्टंट' असं होतं. दाजी ते कार्ड शर्टाच्या खिशात असं ठेवत की वरचा काठ दिसावा. आठवड्यातून दोन-तीनदा ते टेप, सुतळी, पाणसळ आणि खडू पिशवीत भरून निघत. चार वाजता फाटकापाशी उभं राहणं थांबलं. अक्काचे डबे पुन्हा तिच्या मनासारखे लागले.

आता यात एकच अडचण होती. दाजींचा डावा कान कामातून चालला होता.

मला ते त्या खुर्चीतच कळलं. एका रविवारी दाजी खुर्चीत बसले, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "बाई उजवीकडे सरकलीय." मग डावा स्पीकर पुढे ओढला, पुन्हा बसले, पुन्हा ओढला. नऊ इंच पुढे आल्यावर त्यांचं समाधान झालं आणि त्यांनी मला बसवलं. मी डोळे मिटले. बाई पार डावीकडे, अक्काच्या शिवणयंत्राजवळ बसून बातम्या वाचत होती.

"कुठं?"

"मधोमध," मी म्हटलं. भूक लागली होती.

दाजी हात धुवायला गेले तशी अक्का ताटं घेऊन हॉलमधून निघाली आणि जाता जाता तिने डावा स्पीकर पायाने मागे ढकलला. इतक्या सफाईने, की हे काम ती रोज करते हे मला समजलं. रोज सकाळी फरशी पुसताना खडूच्या खुणा पुसल्या जात आणि स्पीकर मागे जाई. संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांना आवाज मधोमध ऐकू यावा आणि दाजींना कुणी काही बोलू नये, एवढंच तिला हवं होतं. दाजींनी या चमत्काराचा पुष्कळ तपास केला. जमिनीला उतार आहे का ते पाणसळ ठेवून पाहिलं. रस्त्यावरून जाणाऱ्या लॉऱ्यांच्या हादऱ्याने स्पीकर सरकतो असा निष्कर्ष काढला आणि त्याच्या खाली रबर लावलं. अक्का रबरासकट ढकलू लागली.

"त्यांना सांग की," मी स्वयंपाकघरात तिला म्हटलं.

"काय सांगू? अठ्ठावीस वर्षं त्या प्रेसकडे डावा कान करून बसले. आता कानाचंच काम मिळालंय, तर कान गेला म्हणून सांगू?" तिने पोळी तव्यावर टाकली. "परत माझे डबे मोजत बसतील. तू गप बस हां, कृष्णा. सरी?"

"सरी," म्हणजे 'बरं', असं म्हणून मी गप्प बसलो. माझ्यासारख्या माणसाला हे सोपं नव्हतं.

गिऱ्हाइकांकडून धोका नव्हता. खिडकीची काच हादरली की त्यांचं समाधान होई. धोका निघाला बनशंकरी भागात. सत्यवती नावाच्या बाईंनी मंजुनाथकडून सगळा सेट घेतला. त्या वीणा शिकवत, चाळीस वर्षं शिकवत आल्या होत्या. दाजी सकाळभर तिथं होते. टेप, सुतळी, खडू सगळं झालं आणि मग त्यांनी आपले दहा टक्के वापरून डावा स्पीकर पुढे घेतला. बाईंनी वीणेची सीडी लावली आणि खुर्चीत बसल्या. दोन मिनिटांनी त्यांनी विद्यार्थ्याला विचारावं तसं विचारलं, "वीणा वाजवणारी डावीकडे का बसलीय?"

दाजींनी सांगितलं की ती मधोमध आहे. बाई म्हणाल्या, नाही. दाजींनी त्यांना खुर्ची सरळ धरायला सांगितलं, मान सरळ ठेवायला सांगितलं, आणि शेवटी, कसं कोण जाणे, "तुमचे कान एकदा दाखवून घ्या," असंही सांगितलं. चाळीस वर्षं बेसूर पोरांना सहन केलेल्या त्या बाईंनी त्यांना शांतपणे पाण्याचा पेला दिला आणि मंजुनाथला फोन लावला.

हे सगळं दाजींनी स्वतः मला सांगितलं, पुढच्या रविवारी. त्या दिवशी मला खुर्चीत बसवलं नाही. ते स्वतः बसले.

"ॲम्प्लिफायरात दोष आहे का, ते मी त्यांच्याकडे वायरी बदलून पाहायला हवं होतं," ते म्हणाले. "चूक झाली. आता इथं बघू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रेडिओ लाव, दोन स्टेशनांच्या मधे. नुसती खरखर हवी. दोन्ही स्पीकर टेपने सारखे ठेव."

मी स्पीकर टेपने मापून ठेवले आणि खरखर लावली. दाजींनी डोळे मिटले. "डावीकडे कमी. वायरी बदल." मी मागे जाऊन डावी वायर उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावली. "डावीकडे कमी. म्हणजे ॲम्प्लिफायर चांगला. आता स्पीकरच बदल." मी दोन्ही स्पीकर उचलून एकमेकांच्या जागी नेले. माझी पाठ अजून ते विसरलेली नाही. "डावीकडेच कमी. म्हणजे स्पीकरही चांगले. मग खोली. भिंत आवाज खात असेल."

मला वाटलं, इथं थांबावं. भिंतीवर ढकलावं आणि जेवायला बसावं. मी तसं म्हटलंही. पण अठ्ठावीस वर्षं ज्याने अर्ध्या केसाएवढी चूक सोडली नाही, तो माणूस अर्धी तपासणी कसा सोडेल? ते उठले, खुर्ची फुलीवरच गर्रकन फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसले. आता त्यांचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. डावा स्पीकर त्यांच्या उजव्या कानाकडे आला होता, उजवा डाव्याकडे. भिंत जर खरंच आवाज खात असती तर आवाज आता उजव्या कानाला कमी यायला हवा होता.

"डावीकडेच कमी," ते हळूच म्हणाले. मग डोळे उघडले. समोर दारात अक्का उभी होती, ओल्या हातांनी.

तिच्या तोंडाकडे पाहिल्यावर त्यांना आणखी काही तपासायचं उरलं नाही.

"तुला कधीपासून माहीत?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं होतील."

"म्हणून रिक्षात माझ्या उजवीकडे बसतेस."

"होय."

"आणि हा रबर लावलेला स्पीकर..."

"मीच ढकलते. जड आहे मेला."

दाजी हसले नाहीत. त्यांनी रेडिओ बंद केला, खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली आणि शर्टाच्या खिशातलं कार्ड काढून टीव्हीच्या खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी मंजुनाथचा फोन आला तर 'बरं नाही' म्हणून सांगायला लावलं. पुढचे दोन आठवडे ते जेवले, झोपले, पेपर वाचला. डबे मात्र मोजले नाहीत. अक्का मला म्हणाली, "मोजू देत रे एकदाचे. मी स्वतः सगळे विस्कटून ठेवलेत, तरी बघत नाहीत." असं म्हणून ती रडली. मोठ्या बहिणीला रडताना पाहायची मला सवय नाही. मीही थोडा रडलो.

मग आयुधपूजा आली. आपल्याकडे त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार पुसून, मांडून त्याला गंध-कुंकू लावतात. विळीपासून स्कूटरपर्यंत कुणी सुटत नाही. कारखान्यातल्या आयुधपूजेची एक गोष्ट दाजी दरवर्षी सांगत. तिथं एक जुनी प्रेस होती, दहा वर्षं बंद पडलेली. साहेब म्हणाले, भंगाराला कशाला हार? तर दाजींनी स्वतःच्या हातांनी तिला झेंडूचा हार घातला आणि साहेबांना सांगितलं, हिने एवढी वर्षं काम केलंय. ही गोष्ट मी निदान पंधरा वेळा ऐकली होती. त्या वर्षी दाजींनी ती सांगितली नाही. विळी, कातरी, शिवणयंत्र, माझी स्कूटर एवढंच मांडलं. आपली पिशवी त्यांनी आणलीच नाही.

अक्का आत गेली आणि पिशवी घेऊन आली. टेप, सुतळी, पाणसळ, खडू ओळीने पाटावर मांडलं. प्रत्येकाला गंध लावलं, कुंकू लावलं, एकेक फूल वाहिलं. मग हॉलमध्ये जाऊन तिन्ही स्पीकरांना लावलं. आणि मग गंधाची वाटी घेऊन ती दाजींसमोर उभी राहिली आणि त्यांच्या उजव्या कानाच्या पाळीला गंध लावलं.

"हे काय?" दाजी म्हणाले.

"हत्यार आहे." ती डाव्या बाजूला आली. दाजींनी मान मागे घेतली.

"तो नको. तो गेलाय."

"बंद पडलेल्या प्रेसला हार कुणी घातला होता?" अक्का म्हणाली. "आठ माणसांसमोर साहेबाशी भांडून कुणी घातला? मग? ह्याने काम केलं नाही काय एवढी वर्षं? घर ह्याच्यावर उभं राहिलं आमचं."

तिने डाव्या कानाला गंध लावलं आणि वर एक झेंडूची पाकळी चिकटवली. पाकळी लगेच खाली पडली. दाजी डोळे पुसत म्हणाले, "कानात जाईल गं."

"माझे दोन्ही कान सरी आहेत," अक्का वाटी खाली ठेवत म्हणाली. "उद्या बनशंकरीला जायचं. टेप तुम्ही धरा, खुर्चीत मी बसते."

दाजींनी लगेच हो म्हटलं असतं तर ते दाजी कसले? त्यांनी आधी मास्टर गेज तपासायला घेतला. संध्याकाळभर अक्का खुर्चीत डोळे मिटून आणि दाजी स्पीकर एकेक इंच सरकवत. "आता?" "स्वल्प डावीकडे." "आता?" "मधोमध." "आता?" "अहो, आता तुम्ही काहीच केलं नाही." तिसाव्या वेळी ती म्हणाली की कडबू तळायचे राहिलेत आणि तुमचा मास्टर आता उठणार. दाजींनी वहीत लिहिलं : तीस पैकी तीस.

दुसऱ्या दिवशी मीही सोबत गेलो, कारण स्पीकर उचलायला माझी पाठ होती. सत्यवतीबाईंनी दार उघडलं तेव्हा दाजींनी आधी हात जोडले.

"त्या दिवशी मी तुमच्या कानांबद्दल बोललो," ते कन्नडमध्ये म्हणाले. "दोष माझ्या कानात आहे. डावा गेलाय. आता मापं मी घेतो आणि ऐकण्याचं काम ही करते." आणि अक्काकडे हात केला. हे वाक्य त्यांनी रिक्षात मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे, पण म्हणताना ते अडखळले नाहीत. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

अक्का पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसली, परीक्षेला बसल्यासारखी. वीणा सुरू झाली. "डावा मागे," ती म्हणाली. "अजून. बस. आता तोंड थोडं आत. बस." मग सत्यवतीबाई बसल्या. त्यांनी डोळे मिटले आणि त्यांची बोटं मांडीवर हलू लागली. सबंध राग संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. उठल्यावर त्यांनी आम्हाला कॉफी दिली आणि अक्काला विचारलं, "तुम्ही वीणा शिकायला येणार का?" दाजींनी कार्ड काढलं, पेनाने आपल्या नावाशेजारी 'सोयराबाई' असं लिहिलं आणि बाईंना दिलं.

त्यानंतर दोघं मिळून कामाला जाऊ लागले. मंजुनाथने नवी कार्डं छापली, दोन नावांची. चार वाजले की अक्काच फाटकापाशी उभी राहून "अहो, रिक्षा आली" म्हणून ओरडू लागली, उजव्या कानाला ऐकू जाईल अशी.

पुढे एका रविवारी मी गेलो तर अक्का फरशी पुसून उठत होती. खडूच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. तिने पदर खोचला, डावा स्पीकर दोन्ही हातांनी धरला आणि पुढे ओढला. टेप लावली, नऊ इंच मापले आणि खडूने नवी खूण केली.

"अगं, हे काय?" मी म्हटलं.

"लोकांच्या घरी लोकांसाठी," ती म्हणाली. "हे त्यांचं घर आहे."

दाजी आतून आले, मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, हनुवटी उचलली. "डोळे मीट. बाई कुठं आहे?"

"डावीकडे, दाजी," मी म्हटलं. "शिवणयंत्राजवळ."

"बरोबर," ते म्हणाले आणि मला उठवून स्वतः बसले. डोळे मिटले. बाई बातम्या वाचत होती. दाजींच्या तोंडावरच्या आठ्या हळूहळू गेल्या. अक्का ताटं मांडता मांडता थांबली आणि त्यांच्या उजवीकडून वाकून विचारलं, "कुठं आहे हो?"

"मधोमध," दाजी म्हणाले.

त्या दिवशी जेवण अगदी वेळेवर मिळालं.